भुरीवाले तात्या

दिल्लीच्या करोल बागेत बीडनपुऱ्याच्या गल्लीत तात्यांचं गलाईचं दुकान. गाव विट्याजवळ. खानापूर-आटपाडीची माणसं जिथं सोनं तिथं पोचली, तसेच तात्याही. दिवसभर जुनं सोनं गाळायचं आणि संध्याकाळी लोकांच्या कुंड्या तपासायच्या. यजमानांची तब्येत विचारायचं राहील, पण पान उलटं केल्याशिवाय तात्या चहाला हात लावत नाहीत.

आमच्याकडे सत्यनारायणाला आले, तीर्थ घेतलं आणि थेट गॅलरीत. "वैनी, गुलाबाला भुरी आलीया. परसाद मागनं द्या, आधी कात्री आणा."

पानावर कुणी पिठाची चिमूट उधळावी तसा पांढरा थर होता. "बाकीच्या बुरशीला ओलं पान लागतं. हिला कोरडंबी चालतं. सावली, दाटी आन् कोंडलेली हवा मिळाली की झालं." आमच्या खेटून ठेवलेल्या सोळा कुंड्यांकडे त्यांनी असं पाहिलं, की आम्हालाच अपराधी वाटलं. रोगट पानं कापली, पिशवीत बांधली, कुंड्या हातभर लांब सरकवल्या.

औषध तात्यांच्या दुकानातून आलं. लिटरला दोन ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, तेही सोन्याच्या काट्यावर तोललेलं! काटा 1.98 वर थांबला, तर तात्यांनी बोटाच्या टोकानं आणखी कणभर टाकलं. "फवारा सांजच्याला. पारा 35 च्या वर गेला की गंधक मारायचं न्हाई, पानं भाजत्यात."

शेजारच्या पंजाबी काकू गुलाबाला पाइपनं वरून आंघोळ घालत होत्या. पानांवर काळे ठिपके. तात्या कठड्यावरून ओरडले, "भाभीजी, पानी पत्ते को नको, जड को!" काकूंना 'नको' कळलं नाही, पण पाइप खाली आला.

एकदा मात्र तात्या हरले. रिजच्या टेकडीवर फिरायला गेलो होतो. वाटेच्या कडेला भांगेचं रान माजलेलं, दिल्लीत माजतं तसंच, आणि पानापानांवर भुरी. तात्यांचा हात पिशवीतल्या फवाऱ्याकडे गेला. भाचा म्हणाला, "मामा, हे गांजाचंच झाड. परवान्याशिवाय लावायला 1985 च्या कायद्यानं बंदी आहे. आपोआप उगवलं तर निसर्ग, तुम्ही फवारलं तर शेती!" समोरून हवालदार येत होता. तात्यांनी फवारा शर्टाखाली दडवला आणि "राम राम" केला.

घरी येईपर्यंत ते गप्प होते. दारात फक्त म्हणाले, "झाडाला काय ठावं, आपून बेकायदा हाय म्हणून?"

आमचा गुलाब महिन्याभरात सावरला. नवी पालवी स्वच्छ, हिरवी. तात्यांनी भिंग लावून पाहिली आणि निकाल दिला, "चांगलं हाय. पण नऊशे नव्याण्णव न्हाई."