संरक्षक भिंतीला पहिलं बक्षीस

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. शाळा म्हणवून घ्यायला किमान काय लागतं, याची यादी त्यात आहे. दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, पोषण आहार शिजवायला जागा, मैदान, ग्रंथालय, शाळेभोवती संरक्षक भिंत किंवा निदान कुंपण. इमारतीशी निगडित ही कामं देशभर 31 मार्च 2013 पर्यंत उरकायची होती. ती तारीख गेली, तिच्यावर आणखी दहा वर्षं गेली आणि महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' हे अभियान आलं. पहिल्या टप्प्यात 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारी 2024 एवढ्या मुदतीत राज्यातल्या शाळांनी सुंदर होऊन दाखवायचं होतं. दुसऱ्या टप्प्यात गुणांची रीतसर वर्गवारी झाली आणि पायाभूत सुविधा हा त्यातला एक गट ठरला. म्हणजे जी भिंत नसल्याबद्दल सरकारनं पालकांसमोर मान खाली घालायची, ती असल्याबद्दल शाळेला गुण मिळू लागले. कायद्यातली किमान अट स्पर्धेतला कमाल पराक्रम झाली, आणि हे होताना कुठे साधा कागदही फाटल्याचा आवाज आला नाही.

यामागचा हिशेब मात्र पक्का आहे. एखादी गोष्ट हक्क म्हणून दिली की ती सगळ्यांना द्यावी लागते, बक्षीस म्हणून दिली की एकाला देऊन भागतं. हक्काचं पोचवलं तर कुणी आभार मानत नाही, उलट उशीर का झाला म्हणून विचारतात. बक्षीस दिलं तर मांडव पडतो, शाल पडते, फोटो निघतो आणि ज्यांना मिळालं नाही ते स्वतःलाच दोष देत घरी जातात. पंगत मांडून ठेवायची, वाढपी पाठवायचाच नाही आणि सर्वांत नीटनेटकं बसलेल्या पाहुण्याला आख्खं जेवण द्यायचं, असा हा बेत आहे. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी पाठ आणखी ताठ ठेवावी.

आता रकमा पाहू. या अभियानात राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला 51 लाख रुपयांचं बक्षीस होतं. तेही दोन गटांत, एक सरकारी शाळांचा आणि दुसरा खासगी व्यवस्थापनांचा. दुसरीकडे समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला दरवर्षी जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000 रुपये, आणि हजारावर मुलं असली तरी एक लाखाच्या पलीकडे नाही. डोंगरातल्या वाडीवर चौथीपर्यंतची शाळा असते, तिचा पट बहुधा तिशीच्या आतच. तिच्या वाट्याला आलेल्या 10,000 रुपयांतला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा, असा दंडक आहे. उरलेल्या नऊ हजारांत खडू, रजिस्टरं, विजेचं बिल, नळाची तोटी, प्रथमोपचार पेटी, फुटलेली कौलं आणि झेंडावंदनाची दोरी. आख्खे दहा हजार धरले तरी शाळा भरते त्या दिवसांवर ते वाटले की दिवसाला पन्नास रुपयेसुद्धा होत नाहीत. एका पहिल्या क्रमांकाच्या रकमेत अशा 510 शाळांचं वर्षाचं अनुदान बसतं, दोन्ही गट मिळून 1,020 शाळांचं. हे गणित शिष्यवृत्ती परीक्षेला बसणारं पोरही तोंडी सोडवील. त्यासाठी मंत्रालयात बसावं लागत नाही. बसलं तर कदाचित सुटत नाही.

बरं, हे दहा हजार तरी जूनमध्ये हातात पडतात का? शाळांपर्यंत पैसा कसा पोचतो याचा माग काढणाऱ्या 'पैसा' नावाच्या पाहण्या देशात झाल्या आणि त्यांनी पंधराएक वर्षांपूर्वीच दाखवून दिलं की शाळेची अनुदानं वर्ष सरत आलं की उगवतात. आजही मुख्याध्यापकांना विचारलं तर महिन्याचं नाव बदलत नाही. रक्कम येते मार्चमध्ये आणि 31 मार्चच्या आत खर्च झाला नाही तर परत जाते. मग शाळा व्यवस्थापन समितीची सभा, ठराव, कोटेशनं, बिलं, कॅशबुकातल्या नोंदी, उपयोगिता प्रमाणपत्र, असं सगळं आठवडाभरात. जूनमध्ये गळणाऱ्या छपराचे पैसे छप्पर कोरडं ठणठणीत असताना येतात, आणि पत्रा बसवायला गवंडी मिळेपर्यंत मुदत टळते. म्हणून मार्चमध्ये शाळा काय घेते, तर जे दुकानात तयार मिळतं ते. तालुक्याच्या गावात महिनाअखेरीला तक्त्यांचा आणि पृथ्वीच्या गोलांचा जो एकाएकी तुटवडा होतो, त्यामागे भूगोलाचं प्रेम नसतं. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकाला वर्षाला 500 रुपयेही मिळत. त्या पाचशे रुपयांतून पुठ्ठा, टिकल्या, मणी, चिंचोके आणून कुणी काही करायचं. पुढे तेही बंद झालं. पुठ्ठ्याच्या घड्याळाचा जिओ-टॅग फोटो फारसा बरा येत नसावा.

फोटोचा विषय आलाच आहे तर अभियानाच्या गुणांकडे पुन्हा वळू. दुसऱ्या टप्प्यात 150 गुण होते आणि तीन गट होते: पायाभूत सुविधा, शासनाच्या ध्येयधोरणांची अंमलबजावणी आणि शैक्षणिक संपादणूक. सर्वांत मोठा वाटा मधल्या गटाला. मुलांना वाचता येतं का, यापेक्षा वाचन अभियान राबवलं का, याला वजन जास्त. पहिल्या टप्प्यात तर मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबतचे सेल्फी चढवण्यात शाळाशाळांची चढाओढ लागली होती. हे सगळं करतो कोण? दोन शिक्षकांच्या शाळेत दोघांपैकी एक जण. 'सर्व मुख्याध्यापक, आज दुपारी 4 पर्यंत लिंक भरणे, अतितातडीचे' असा निरोप केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की तिसरीचा हातच्याच्या वजाबाकीचा तास तिथंच थांबतो. नेटवर्क शोधत गुरुजी टेकडीवर जातात, आणि उरलेला एक शिक्षक चारही वर्ग एकत्र बसवून पाढे म्हणवून घेतो. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावू नये, असं त्याच शिक्षण हक्क कायद्याचं 27 वं कलम सांगतं. लिंक भरणं शैक्षणिक कामात मोडतं, असा त्यावर तोडगा निघाला आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येईल. स्पर्धेमुळे गावं जागी झाली, वर्गणी निघाली, कधी नाही ते सरपंच शाळेत आले, भिंतींना रंग लागला. हे खोटं नाही, आणि ज्या शिक्षकांनी सुट्ट्या मोडून हे केलं त्यांची टिंगल करण्याचं कारणही नाही. पण वर्गणी निघते कुठं? ज्या गावात द्राक्षबाग आहे, शेजारी औद्योगिक वसाहत आहे किंवा मुंबई-पुण्याला नोकरीवर गेलेली पोरं आहेत, तिथं. ऊसतोडीला अर्धं गाव बाहेर पडतं तिथल्या मुख्याध्यापकानं वर्गणीची पावती कुणाच्या नावानं फाडायची? स्पर्धा सगळ्यांना एकाच रेषेवरून धावायला लावते आणि ज्याच्या पायात बूट आहेत त्याला बुटांचा नवा जोड देते. गरजेप्रमाणे पैसा देणारी योजना शेवटच्या क्रमांकापासून वाटप सुरू करील. तशा योजनेचा बक्षीस समारंभ कसा करायचा, ही मात्र अडचण आहेच. 'राज्यात सर्वांत दुर्लक्षित शाळा' असं स्मृतिचिन्ह कोण स्वीकारणार आणि कोणते पाहुणे ते देणार?

शाळांचं झालं, आता शिक्षकांच्या पुरस्कारांकडे येऊ. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 1958 पासून दिले जातात. पूर्वी ते तीनशेहून अधिक जणांना मिळत आणि नावं राज्यांकडून जात. 2018 पासून शालेय शिक्षकांसाठीची संख्या पन्नाशीच्या आसपास आली आणि शिक्षकानं स्वतःच ऑनलाइन अर्ज करायचा, अशी पद्धत सुरू झाली. आमदारांच्या चिठ्ठीपेक्षा हे बरंच, यात वाद नाही. मात्र चांगुलपणाचा पुरावा ज्याचा त्यानं गोळा करायचा म्हटल्यावर जे व्हायचं ते झालं. जिल्हा आणि राज्य पुरस्कारांचे प्रस्ताव पाहावेत. स्पायरल बायंडिंग, अनुक्रमणिका, प्रमाणपत्रांच्या साक्षांकित प्रती, वर्तमानपत्रांतली कात्रणं, वृक्षारोपणाचा फोटो, त्याच झाडाचा वेगळ्या कोनातून फोटो, केंद्रप्रमुखांची शिफारस. एखादी बाई वीस वर्षं पहिलीला शिकवते आणि तिच्या हाताखालून गेलेलं एकही मूल दुसरीत अडत नाही. तिच्या प्रस्तावात काय लावणार? न अडलेल्या मुलाचं कात्रण येत नाही. ही गरज ओळखून काही संस्थांनी आदर्श शिक्षक पुरस्कारांचा जोडधंदाच काढला. नोंदणी शुल्क भरा, पुरस्कार 'राज्यस्तरीय' हवा की 'राष्ट्रीय' ते सांगा, भाड्याच्या सभागृहात फेटा बांधून घ्या, आणि पुढच्या प्रस्तावाला एक प्रमाणपत्र जोडा.

राज्य पुरस्काराचं नाव आता 'क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव पुरस्कार' असं भारदस्त आहे. पूर्वी या पुरस्काराबरोबर आगाऊ वेतनवाढी मिळत. वेतनवाढ पगारात मुरते, निवृत्तिवेतनापर्यंत सोबत येते. ती थांबवून त्याजागी एकरकमी लाख रुपये आले. धनादेश मोठा दिसतो, फोटोत उठून दिसतो आणि सरकारचा हिशेब त्याच दिवशी मिटतो. याउलट दुर्बल घटकांतल्या ज्या मुलींची सावित्रीबाईंना काळजी होती, त्यांच्यासाठी पहिली ते चौथीत उपस्थिती भत्ता 1992 साली ठरला: दिवसाला 1 रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. तीस वर्षांनंतरही तो एक रुपयाच होता. तो वाढवावा असं फारसं कुणाला वाटलं नाही, कारण एक रुपया देतानाचा फोटो काढता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की पुरस्कारांमुळे जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव जगात झालं. झालंच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. पण त्या गोष्टीतला बोलका भाग रकमेच्या पुढचा आहे. डिसले यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. म्हणजे स्पर्धा जिंकलेल्या माणसाला पहिल्या झटक्यात जे सुचलं, ते बक्षिसाचं अनुदान करण्याचं. हरलेल्यांनाही काम करायचं असतं, त्यांनाही पैसे लागतात, ही गोष्ट शिक्षकाला कळते, योजनाकाराला कळत नाही. पुढे जानेवारी 2022 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायचं म्हणून त्यांनी रजा मागितली, तेव्हा रजेवरून एवढा गदारोळ झाला की शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. सत्काराला हार लगेच मिळतो, रजेला मंजुरी लागते.

बक्षीस आणि हक्क यांची ही अदलाबदल सर्वांत महाग कुणाला पडली असेल, तर विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांना. नव्या शाळांना कधीच अनुदान नाही, असं राज्यानं 2001 मध्ये ठरवलं, 2009 मध्ये ते धोरण सोडलं आणि 2016 मध्ये पात्र शाळांना 20 टक्के अनुदान सुरू केलं. त्यानंतर 40, 60, असे टप्पे. इथं अनुदान म्हणजे प्रयोगशाळा किंवा वाचनालय नव्हे, शिक्षकाचा पगार. केलेल्या कामाच्या पगारासाठी शाळेचं मूल्यांकन, मूल्यांकनानंतर पात्रतेची यादी, यादीनंतर त्रुटींची यादी, आणि मधल्या काळात आझाद मैदानावर आंदोलन. वीस टक्के पगाराचा शासन निर्णय निघाला की पेढे वाटले जातात. पगार हे बक्षीस आहे, असं माणसाला मनापासून वाटायला लागावं, यापेक्षा मोठं यश कोणत्या धोरणानं मिळवायचं?

या सगळ्याचं टोक 5 सप्टेंबर 2024 ला गाठलं गेलं. शिक्षक दिन. दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार दिले जात होते आणि त्याच तारखेचा महाराष्ट्राचा शासन निर्णय सांगत होता की कमी पटाच्या शाळांतला एक शिक्षक यापुढे कंत्राटी असेल, मानधन महिन्याला 15,000 रुपये. आरडाओरडा झाला, शिक्षक सामूहिक रजेवर गेले, सरकारला माघार घ्यावी लागली. पण राष्ट्रीय पुरस्काराच्या नियमांत एक अट आधीपासूनच आहे: कंत्राटी शिक्षक पात्र नाहीत. एका हातानं जी जमात निर्माण करायची, तिला दुसऱ्या हातानं मांडवाबाहेर ठेवायचं, अशी सोय आयती तयार होती.

तरी कमी पटाच्या शाळेनं नाउमेद होऊ नये. सुंदर शाळेच्या उपक्रमांत परसबाग होती, स्वच्छता मॉनिटर होता आणि शालेय मंत्रिमंडळही होतं. समजा पट नऊचा आहे. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री, आरोग्य, स्वच्छता, क्रीडा, सहल, पाणीपुरवठा अशी खाती वाटली की नऊच्या नऊ मुलं मंत्री होतात. खातेवाटपाचा फोटो चढवला की गुण पदरात पडतात. यंदाचं अनुदान कुठं अडलं, हे विचारायला समोरच्या बाकावर कुणी उरत नाही.