लाथ, लेप आणि लॅन्सेट

कमरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचा आणि त्याच्याकडून कमरेला हलकीशी लाथ मारून घ्यायची, ही आपली पिढीजात फिजिओथेरपी. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. पदवी आईच्या पोटातूनच घेऊन आलेला. फी नाही, पुढची तारीख नाही. लाथेने भागलं नाही तर आंबेहळदीचा लेप, निरगुडीच्या पाल्याचा शेक. आता पाय आधी दिसताहेत म्हटलं की डॉक्टर सिझेरियन करून मोकळे होतात, त्यामुळे पायाळूंचा तुटवडा पडलाय. तो मशीनने भरून काढला.

मशीनची खोली तुम्ही पाहिलेलीच असणार. हिरव्या पडद्याआड पालथं पडायचं. सहायक मुलगी कमरेवर ओले, गारगार पॅड ठेवते, वरून पट्टा आवळते आणि बटण फिरवत म्हणते, "काका, मुंग्या आल्या की सांगा." मुंग्या येऊन वारूळ व्हायची वेळ आली तरी काका म्हणतात, "अजून थोडं वाढव." पैसे आगाऊ भरलेले असतात. मग जेल चोपडून अल्ट्रासाउंडचा दांडा गोल गोल फिरतो. पलीकडच्या कॉटवर एका काकूंना वजन लावलेलं असतं आणि त्या अवस्थेतही त्या फोनवर सुनेला कुकरच्या शिट्ट्या सांगत असतात. शेवटी टायमर टिंग करतो. दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं तर अकरावं फुकट.

सगळं असं सुरळीत चाललं असताना काही विघ्नसंतोषी माणसं वही-पेन्सिल घेऊन या खोलीत शिरली. त्यांना संशोधक म्हणतात.

१९९० साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि मंडळींनी जुनाट कंबरदुखीचे १४५ रुग्ण घेतले. काहींना करंट देणारं 'टेन्स' मशीन दिलं, काहींना हुबेहूब तसंच, पण आत करंटच नसलेलं. आपल्याकडे हा प्रयोग करायचा तर निम्म्यांना अस्सल पायाळू द्यावा लागेल, निम्म्यांना सरळ जन्मलेला तोतया, आणि लाथ दोघांची सारखीच. निकाल असा लागला की मुक्या मशीनपेक्षा बोलकं मशीन काडीचंही सरस ठरलं नाही. ज्यांना व्यायाम दिला होता त्यांना मात्र महिन्याभरात फरक पडला. दोन महिन्यांनी बघतात तर बहुतेकांनी व्यायाम सोडलेला आणि मिळालेला फरकही गेलेला. अमेरिकन माणूसही आपल्यासारखाच आहे हे वाचून मला फार बरं वाटलं.

१९९५ साली हेलसिंकीत चक्क महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. ताजी उसण भरलेले १८६ जण. एका गटाला दोन दिवस अंथरुणावर पडा म्हणून सांगितलं, दुसऱ्याला कमरेचे व्यायाम दिले, तिसऱ्याला सांगितलं की जमेल तेवढे नेहमीचे उद्योग चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला. आपल्या एखाद्या पालिकेत हा प्रयोग केल्यास 'नेहमीचे उद्योग' म्हणजे काय हे आधी लेखी ठरवून घ्यावं, नाहीतर पहिल्या आणि तिसऱ्या गटात फरक करणं अवघड जाईल.

मशीन हरलं तरी एमआरआय आहेच. "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत पगाराच्या आकड्यासारखं सांगितलं जातं: एल-४, एल-५ म्हटलं की समोरचा एल-५, एस-१ काढतो. २०१५ मध्ये एका अभ्यासात, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांचे स्कॅन एकत्र करून पाहिले. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या, पन्नाशीत ८० टक्क्यांच्या आणि ऐंशीत ९६ टक्क्यांच्या. म्हणजे ऐंशीच्या आजोबांचा रिपोर्ट नॉर्मल आला तर पेढे वाटावेत. (पायातली ताकद गेली, लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा दुखण्याबरोबर ताप आणि वजन उतरणं असेल तर हा पेपर इथेच ठेवून डॉक्टर गाठा. तिथे थट्टा नाही.)

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शक तत्त्वं काढली. वजन लावणं, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि कमरेचा पट्टा, चौघांनाही नेहमीच्या उपचारांतून नारळ दिला. व्यायामाला हो, दुखणं समजावून सांगण्याला हो, मसाजलाही हो. तेव्हा मालिशवाल्यांनी निर्धास्त राहावं. पडद्याआडची ती अख्खी खोली अशी जिनिव्हातून बरखास्त झाली, पण आपल्याकडचा टायमर अजून टिंग करतोच आहे.

आणि २०२४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने एक अभ्यास छापून कहरच केला. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकतेच उठलेले ७०१ जण घेतले. एका गटाला फिजिओथेरपिस्टने हळूहळू वाढवत चालायला लावलं, दुसऱ्याला काहीच दिलं नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं साधारण ११२ दिवसांत परत आलं, चालणाऱ्यांचं २०८ दिवसांनी. चालणं! जे आपण रिक्षावाला नाही म्हणाला की नाइलाजाने करतो, ते!

चालण्यात खोट एकच आहे, त्याला वायर नाही. म्हणून एक व्यावहारिक सूचना. यापुढे चालण्याला 'डायनॅमिक ग्रॅव्हिटी थेरपी' म्हणावं. रुग्णाच्या कमरेला, कशालाही न जोडलेली, एक निळी वायर बांधावी. मुंग्या आल्या का, असं मधूनमधून विचारावं. अर्ध्या तासाने टिंग वाजावं आणि मेडिक्लेमसाठी सही-शिक्क्याचं बिल मिळावं. फूटपाथवरचे फेरीवाले, खड्डे आणि उभ्या केलेल्या दुचाक्या यांना 'बॅलन्स ट्रेनिंग' म्हणून वेगळा आकार लावता येईल.

यात फिजिओथेरपिस्टचाच सगळा दोष म्हणावा तर तेही खरं नाही. अर्धा तास बसून दुखणं ऐकून घेणारा आणि घरी करायचे चार व्यायाम नीट शिकवणारा फिजिओथेरपिस्ट तुमच्या-माझ्या गावात आहे. त्याच्याबद्दल आपणच बाहेर येऊन म्हणतो, "काय हो, नुसतं बोलला! मशीन नाही लावलं." दुसऱ्या दिवशी आपण पडद्याआड. ताजी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपणच जाते आणि जाताना जो उपचार चालू असेल त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. तेव्हा पुढच्या सिटिंगला गेलात की पालथे पडण्याआधी एवढंच विचारा: घरी मी काय करायचं? उत्तरात व्यायाम असला तर तिथेच थांबा आणि सांगितलेली फी घासाघीस न करता द्या. पॅकेज असलं तर उठा आणि जिन्याने खाली उतरा.