आमची सुभद्रा

मी ऑर्गन वाजवतो. म्हणजे रंगमंचासमोर खाली बसून, पायांनी भाता मारत, मान वर करून नाटक बघतो. इतक्या जवळून, की नटाच्या गालावरचा रंग कुठे संपतो आणि घाम कुठे सुरू होतो तेही कळतं. गेली 30 वर्षं हौशी संगीत नाटकवाल्यांना साथ करतोय. एवढ्या काळात चार कृष्ण आले, सहा अर्जुन गेले, एका नारदाला तर नातू झाला. पण 'सौभद्र'मधली सध्याची सुभद्रा हे प्रकरण मला नवीन आहे.

वय 24. दिवसा हिंजवडीत नोकरी, संध्याकाळी सदाशिव पेठेत तालीम, मधलं सगळं स्कूटरवर. खाली स्कूटर लावते तेव्हा हेल्मेट, गॉगल आणि तोंडाला घट्ट बांधलेला स्कार्फ. खालून रिक्षावाल्याशी हुज्जत ऐकू आली की आम्ही तबला लावायला घेतो, कारण बाई आल्या आणि रिक्षावाला हरला हे कळलेलं असतं. मग वर येऊन तालमीची नऊवारी जीन्सवरूनच गुंडाळते, कपाळावरचा घाम टिपते आणि मान किंचित कलती करून म्हणते, "काका, सूर द्या." तिथून पुढे ती 2000 नंतर जन्मली आहे यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

तिचं दैवत स्त्रीभूमिका करणारे बालगंधर्व. यात नवल नाही, आमच्यात सगळ्यांचंच आहे. पण इतरांचं देव्हाऱ्यात असतं, हिचं अंगात येतं. 1911 साली खाडिलकरांचं 'मानापमान' आलं. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली, तरी बालगंधर्व भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट सांगताना आमच्या म्हाताऱ्या नटांचा आवाज आजही जड होतो. आमच्या सुभद्रेनं तिचा नियमच करून टाकला. अंगात 102 ताप असताना तालमीला आली आणि कृष्ण, बलराम, तबलजी अशा सगळ्यांना आजारी पाडून गेली. त्याच तापासाठी तिनं ऑफिसातून दोन दिवस रजा काढली होती, हे मागाहून कळलं.

एकदा मी तिला विचारलं, "अगं, सुभद्रा हिराबाई बडोदेकरांनी केली. पुढे जयमालाबाई शिलेदार झाल्या. बाईच्या गळ्यातली सुभद्रा शिकायची तर त्यांना ऐक की."

तिनं कानाच्या पाळीला हात लावला. "त्या थोरच आहेत, काका. पण त्या मुळात बायकाच होत्या ना!"

"मग?"

"बाईला कुठे माहीत असतं आपण कसे चालतो? आपण नुसत्या चालतो. बालगंधर्वांना ते बघून बघून शिकावं लागलं."

आता यावर काय बोलणार? त्या काळच्या घरंदाज बायका बालगंधर्वांचं बघून पदर घ्यायच्या, अंबाडा घालायच्या. ते शिकले बायकांकडून, बायका शिकल्या त्यांच्याकडून, आणि शंभर वर्षांनी ही हिंजवडीहून येऊन ते परत मागते आहे. येणं कुणाकडून कुणाला आहे, तेवढा हिशोब मला लागत नाही.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती माझ्या पायांना सोसावी लागली. बालगंधर्व ऐन बहरात रंगमंचावर कसे चालत याचं चित्रीकरण तिला मिळालेलं नाही. मिळाले ते फोटो. हातात पत्र घेतलेला, गालावर बोट टेकलेला, पदर सावरताना मागे वळून बघणारा. ते तिनं इतके घोटले, की तिची चालही फोटोसारखी झाली. दोन पावलं टाकायची, थांबायचं, गालावर बोट. पुन्हा दोन पावलं, थांबायचं, मागे वळून बघणं. विंगेतून मधोमध यायला इतर सुभद्रांना चार मात्रा लागतात, हिला आठ आवर्तनं. तेवढा वेळ सूर धरून भाता मारत राहणं हे माझं काम. तालमीनंतर जिना उतरताना माझेही गुडघे दोन पायऱ्यांनी थांबू लागले.

पट्टीवरून झाली ती भांडणं निराळी. हिचा गळा काळी चारचा, अर्जुनाचा काळी एकचा, त्यामुळे तबलजी शेजारी दोन वेगळे तबले लावून ठेवतात आणि पदागणिक बदलतात. ही रीतच आहे. पण एका रविवारी तिनं हट्ट धरला की गायचं तर बालगंधर्वांच्याच सुरात. गायली. खालचा षड्ज येईना, तेव्हा तिनं नुसतेच ओठ हलवले आणि सूर मी दिला. तबलजी म्हणाले, "बाई, एवढंच करायचं असेल तर तिकीट काकांच्या नावावर लावू."

नाईटचे तिला 500 रुपये मिळतात, पाकिटातून. त्याहून जास्त ती रविवार पेठेत अत्तरावर घालवते, कारण बालगंधर्व रंगमंचावर खरं अत्तर लावून येत. मी म्हटलं, "त्यांची गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली होती, माहीत आहे ना?" तर डोळे चमकले. ते वैभवही तिला हवं होतं आणि ते कर्जही. तिच्या प्रवेशाला पहिल्या रांगेतले लोक डोळे मिटतात. मी त्यांच्याहून जवळ असल्यामुळे शिंकतो.

आता आमच्या एका प्रयोगाबद्दल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'सौभद्र' 1882 साली रंगमंचावर आणलं, तेव्हा त्यांच्यासमोर घटोत्कच कोण होता मला ठाऊक नाही, पण तो संगणकावर बसणारा नसावा. कथा तुम्हाला माहीत आहेच. सुभद्रेचं अर्जुनावर मन, बलरामाला दुर्योधन पसंत, म्हणून कृष्णाच्या सांगण्यावरून घटोत्कच तिला झोपेतच उचलून नेतो. आमचा घटोत्कच हिच्याच ऑफिसातला, वजन 54 किलो, त्यात मिशा धरून. तालमीत तो "प्रयोगाला उचलतो" म्हणत आला होता.

प्रयोगाला त्यानं उचललं. तीन पावलं आला. चौथ्या पावलाला त्याच्या कमरेतून बारीक आवाज आला, तो मला स्पष्ट ऐकू आला, आणि सुभद्रा दोन फुटांवरून पडली. नाट्यगृह हसलं, मग सावरून घेण्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

इथे मावशीबद्दल सांगायला हवं. तिची सख्खी मावशी दर प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसते. ऐकू कमी येतं. भाचीनं तिला बजावून ठेवलंय, की टाळ्या पडल्या की लगेच ओरडायचं. टाळ्या पडल्या. मावशी उभी राहून खणखणीत ओरडली, "वन्समोअर!"

घटोत्कचानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

आणि सुभद्रा? तिनं डोळे उघडले नाहीत. पडली तशीच, एक हात खाली दुमडलेला, अंबाडा सुटलेला, तोंड अर्धवट उघडं. ओठ न हलवता मला म्हणाली, "काका, वाजवा काहीतरी." मी वाजवलं. घटोत्कच कंबर धरून चौथ्या मिनिटाला विंगेत पोचला आणि ही शेवटपर्यंत झोपलेली राहिली. कुठल्याही फोटोत नसलेली अशी तिची ती एकच अवस्था मी आजवर पाहिली, आणि तिच्या सगळ्या अभिनयात मला तीच सर्वात आवडली. तिला हे सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही.

तिची पुढची मनीषा 'एकच प्याला'मधली सिंधू. सिंधू दळण दळते, म्हणून तिनं जुन्या बाजारातून खरं जातं आणलंय. चौथ्या मजल्यावर, रात्री साडेअकराला, पहाट समजून ज्वारी दळते. खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीला पत्र दिलंय. घरचे तीन आठवडे जाड भाकरी खातायत आणि तिच्या तळहाताला फोड आलेत. परवा ते फोड तिनं मला एकेक करून दाखवले, काही बायका बांगड्या दाखवतात तसे.

पण आधी 'सौभद्र'चा आणखी एक प्रयोग ठरलाय. घटोत्कच बदललाय, नवा व्यायामशाळेत जातो. तुम्ही जरूर या, तिकीट काढून या, आणि काही झालं तरी तिसऱ्या रांगेतल्या मावशीच्या पुढची खुर्ची घेऊ नका.