आधी डबे, मग विमान

छंद जुळवणीचा म्हणायचा, पण खरी कारागिरी साठवणीत. १:७२ प्रमाणातलं विमान म्हणजे बहात्तर फूट एका फुटात बसवणं. त्याचं सामान मात्र आख्ख्या खोलीत बसत नाही.

पैनगंगेकाठच्या देऊळघाटातला एखादा छांदिष्ट घ्या. (नमुना आहे, गावात शोधत फिरू नका.) श्रीखंडाच्या डब्यात स्क्रू, गोळ्यांच्या बाटलीत चाकं, आइस्क्रीमच्या डब्यात ‘पुढं लागेल ते’. हा डबा सगळ्यांत मोठा. बाल्साची फळी पावसाळ्यात ओल धरून वाकते, म्हणून ती माळ्यावर. माळ्याला पत्र्याची धग, म्हणून थिनर खाली. खाली पोरं, म्हणून थिनर कुलपात. आणि किल्ली? ‘पुढं लागेल’च्या डब्यात!

झटपट चिकटणारा गोंद हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो. उघड्या नळीत हाच गुण त्याच्या मुळावर येतो. म्हणून नळी बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी. या विषयावर घरात वेगळी चर्चा होते.

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. याच्या माळ्यावर जुन्या मखराचे तुकडे अजून आहेत; त्यातून म्हणे धावपट्टी होणार. विमानाचं विचाराल, तर खोक्यावरचं चित्र तेवढं पूर्ण आहे.

तरी छांदिष्टांनो, एक विनंती. पुढचा डबा धुऊन वाळत घालण्याआधी एका विमानाला दोन्ही पंख लावा. रंगाचं नंतर बघू.