टॅब दाबल्याचा गुन्हा कबूल

प्रति,
बॅशसाठी टॅब-कंप्लीशन लिहिणारे समस्त सज्जन यांस,



अर्जदार हा टर्मिनलवर पोट भरणारा साधा इसम असून त्याच्या हातून एक अपराध घडला आहे. एका स्क्रिप्टची चाचणी घेताना त्याने टर्मिनलमध्येच ‘सेट मायनस यू’ टाइप केले आणि ते काढायला विसरला. ही कमांड दिली की ज्या व्हेरिएबलला किंमतच दिलेली नाही, त्याचे नाव घेताच बॅश ओरडते. स्क्रिप्टमध्ये हा पहारा मोलाचा. नावातली एका अक्षराची चूकही जागच्या जागी पकडली जाते.

पुढे त्याने एक कमांड अर्धवट लिहून टॅब दाबला. ओळीच्या मधोमध उमटले: ‘बॅश: कर: अनबाउंड व्हेरिएबल’. अर्जदाराला आधी वाटले, हुकूम आहे. पण काय कर? नंतर कळले, ‘कर’ म्हणजे करंट, चालू शब्द. लेखकमहाशयांनी तो ‘लोकल’ म्हणून जाहीर केला होता, किंमत द्यायची तेवढी राहून गेली होती.

कंप्लीशनचे फंक्शन वापरणाऱ्याच्याच शेलमध्ये चालते. म्हणजे यजमानाचे नियम पाहुण्यालाही लागू. (झी-शेलची कंप्लीशन-यंत्रणा शहाणी, कामाला लागण्याआधी हवे ते पर्याय स्वतःपुरते लावून घेते.)

काही सज्जनांनी नामी तोड काढली आहे: फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘सेट प्लस यू’. वा! ओरडा नको म्हणून राखणदारच घरी पाठवला. टॅबचे काम संपले तरी तो परतत नाही, आणि मालकाला पत्ता नसतो. 2016च्या बॅश 4.4 मध्ये ‘लोकल’पुढे नुसता डॅश दिला की फंक्शन संपताच पर्याय पूर्ववत होतात खरे, पण मॅकसोबत येणारे बॅश अजून 3.2च.

त्यापेक्षा महिरपी कंसात नाव आणि नावाला चिकटून एक डॅश: किंमत नसेल तर रिकामी समज. ही सोय 1979च्या बॉर्न शेलमध्येही होती. गिटच्या कंप्लीशन-फाइलीत असे डॅश जागोजागी दिसतात. अ‍ॅरे मात्र नाठाळ. रिकाम्या अ‍ॅरेचे सगळे घटक मागितले की 4.4पूर्वीचे बॅश भडकते. तिथे प्लसचे रूप वापरून ‘असेल तरच उलगड’ असे सांगावे लागते.

तरी पुढची फाइल जगाला देण्यापूर्वी सज्जनांनी आपल्या टर्मिनलमध्ये ‘सेट मायनस यू’ देऊन एकदा टॅब दाबून पाहावा, ही विनंती.

आपला नम्र,
अर्जदार

ता. क. ‘कर’चा डॅश तेवढा आधी घालावा.