धावू नका, मॅरेथॉन आहे

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी घ्यायची असं ज्या कुणी ठरवलं, त्याच्या घरी संक्रांत साजरी होत नसावी. तिसरा रविवार म्हणजे पंधरा ते एकवीसमधली कुठलीतरी तारीख. त्यामुळे भोगी, संक्रांत आणि हळदीकुंकवाचा पहिला बहर बरोब्बर शेवटच्या आठवड्यात येऊन पडतो. आणि हेच दिवस ‘टेपर’चे. टेपर म्हणजे धावणं कमी करत न्यायचं, भरपूर झोपायचं, फार वेळ उभं राहायचं नाही आणि शिंकणाऱ्या माणसाच्या सावलीलाही जायचं नाही. ठाण्यातल्या भरल्या सोसायटीत राहणाऱ्या, पंचेचाळिशी उलटलेल्या दोन बायकांनी हे कसं जमवायचं, याबद्दल एकाही ट्रेनिंग प्लॅनमध्ये अवाक्षर नाही.

दुसरी बाई म्हणजे माझी मैत्रीण. ती ऑडिटमध्ये नोकरीला आहे, त्यामुळे संशय हा तिचा स्थायीभाव. पावसाळ्यात येऊरचा चढ, थंडीत पहाटे घोडबंदर रोड, आणि तीन आठवडे आधी बत्तीस किलोमीटरचा शेवटचा मोठा रन, इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. धावताना दम लागतो, त्यामुळे संशय घ्यायला तिला श्वासच उरत नसे. मग कोच म्हणाले, “आता जे कमवायचं ते कमावून झालं. आता नुसतं सांभाळा.” आणि आमची शांतता संपली.

या सांभाळण्यामागे शास्त्र आहे. दमलेले स्नायू भरून यायला वेळ लागतो, आणि धावणं कमी करून भात-पोळी चालू ठेवली की स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा होतो. हाच साठा तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपला, की भल्याभल्यांचे पाय जागच्या जागी थिजतात. मैत्रिणीला मात्र शास्त्रापेक्षा दाखला लागतो. तो तिला एमिल झाटोपेकमध्ये सापडला. १९५० साली ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर हा चेक धावपटू अन्नातून विषबाधा होऊन इस्पितळात पडला होता. तिथून उठून गेला आणि पाच हजार, दहा हजार, दोन्ही शर्यती जिंकून आला. सक्तीच्या विश्रांतीचा महिमा म्हणून धावणारे लोक ही गोष्ट अजून सांगतात.

“बघ,” मैत्रीण म्हणाली, “त्याला हळदीकुंकवाला कुणी बोलावू शकलं नाही.”

टेपरमध्ये नवनवीन दुखणी उगवतात. धावताना जे गुडघे चार महिने चकार शब्द बोलले नाहीत, ते सोफ्यावर बसल्या बसल्या बोलायला लागतात. रोज रात्री दहाला फोन यायचा.

“अगं, तुझा डावा घोटा दुखतोय का?”

“नाही गं.”

“मग माझाच दुखतोय.”

दुसऱ्या दिवशी घोटा बरा आणि पोटरी आजारी. तिसऱ्या दिवशी दोन्ही ठणठणीत, म्हणून तिला काळजी, की आता नक्कीच आतून काहीतरी शिजतंय. मी चोरून दोन किलोमीटर धावून येऊ नये म्हणून तिने माझ्या घड्याळाचं ॲप स्वतःच्या फोनवर जोडून घेतलं होतं. एका संध्याकाळी मी भाजी आणायला जरा झपाझप गेले, तर जांभळी नाक्यावर फोन. “कुठे निघालीयेस?” मी म्हटलं, पालक आणायला. “मग पालकाच्या वेगाने जा.”

त्यात वजन वाढलं. ग्लायकोजेन एकटं राहत नाही, स्वतःच्या जवळजवळ तिप्पट पाणी धरून बसतं. त्यामुळे शेवटच्या दिवसांत किलोभर वजन वाढणं हे तयारी नीट झाल्याचं लक्षण मानतात. हे मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “असं का? मग माझी तर कधीपासूनच तयारी झालीय.”

भोगीला खरा पेच आला. सासूबाईंनी लेकुरवाळी भाजी केली होती. पावटा, ओला हरभरा, वांगी, गाजर, घेवड्याच्या शेंगा, वरून तिळाचं कूट आणि भुईमुगाचे दाणे. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भाकरीवर लोण्याचा गोळा. मी ताटाचा फोटो मैत्रिणीला पाठवला. उलट टपाली उत्तर आलं, “पावटा??” मग फोनच आला. शेवटच्या आठवड्यात चोथा आणि कडधान्यं कमी करायची असतात, आणि का, ते स्टार्टजवळच्या टॉयलेटच्या रांगेत पहाटे साडेचारला कळतं, असं तिने विस्ताराने सांगितलं. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी निमूटपणे माझ्या ताटातले पावटे वेचून स्वतःच्या ताटात घेतले.

गूळपोळी मात्र ऑडिटमधून सहीसलामत सुटली. कणीक आणि गूळ, म्हणजे आत कार्ब आणि बाहेर कार्ब. तूप थोडं कमी घे, एवढाच शेरा. मॅरेथॉनच्या नावाखाली तीन गूळपोळ्या खाताना जे निर्मळ समाधान मिळतं, ते मला नंतर पदक गळ्यात पडतानाही मिळेल असं वाटत नाही.

हळदीकुंकू टाळणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघी काळ्या साड्या नेसून, त्यावर मास्क लावून गेलो. दारात अत्तर लावणाऱ्या मुलीला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. मैत्रीण खुर्चीवरून उठायला तयार नाही, कारण पाय वाचवायचे होते. कोपऱ्यात एक काकू खोकल्या, तशी ती खुर्चीसकट सरकली.

“पहिलं आलं की किती मिळतात गं?” यजमानीणबाईंनी विचारलं.

“पुष्कळ. पण आम्ही पहिल्या येणार नाही.”

“मग तुम्हाला काय मिळतं?”

“पूर्ण केली तर मेडल.”

“आणि नाव घालायला पैसे तुम्हीच भरता?” हे म्हणताना त्यांनी आमच्या हातात स्टीलची गाळणी ठेवली. फुकट.

शनिवारी आम्ही गिरगावात, मैत्रिणीच्या मामींकडे मुक्कामाला गेलो. फुल मॅरेथॉन पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटते, आणि ठाण्याहून येऊन ती वेळ गाठायची तर रात्रच प्रवासात जाते. पलंगावर आम्ही सगळं मांडून ठेवलं. बिब, चार सेफ्टी पिना, जास्तीच्या दोन, जेलच्या पुड्या, व्हॅसलीनची डबी. मैत्रीण सगळ्यावर बोट ठेवत मोजत होती आणि मधेच पेडर रोडबद्दल बोलत होती. तो चढ जाताना अंधारात ताज्या पायांना कळतही नाही. पण सी लिंक, माहीम, शिवाजी पार्क, वरळी करून परत येताना, पस्तिशी ओलांडल्यावर, तोच पुन्हा समोर उभा राहतो.

मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. “बेचाळीस ठीक आहे. पण वर ते एकशे पंच्याण्णव मीटर कशाला?”

मैत्रिणीने सांगितलं. १९०८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली, त्यात जे अंतर भरलं तेच पुढे १९२१ साली कायम झालं.

“म्हणजे राणीच्या सोयीसाठी?”

“तसंच म्हणा.”

“इंग्रज गेले तरी तुमचं चालूच आहे,” मामी म्हणाल्या. “बरं, पाचला सुरू ना? मग आठपर्यंत याल. तेव्हाच पोहे टाकते.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. “मामी, घरी यायला साडेअकरा-बारा होतील.”

“बारा? चालत येणार आहात की काय?”

ऑडिटमधल्या बाईला खोटं बोलवेना. “पेडर रोडला,” ती म्हणाली, “थोडंसं.”