भावी घरमालक

प्रत्येक गोतावळ्यात एक भावी घरमालक असतो. आमच्यात तो मान दादांचा. दादा राहतात कोथरूडला, भाड्याने. पण बोलतात ते वाकडच्या स्वतःच्या भाडेकरूंबद्दल. फ्लॅट अजून घ्यायचाय. भाडेकरू मात्र ठरलेत : आयटीतलं जोडपं, शाकाहारी, भिंतींना खिळे न ठोकणारं आणि शक्यतो घरी कमी सापडणारं.

हिशोब तोंडपाठ आहे. ६० लाखांचा टू बीएचके, ८० टक्के बँकेचे, म्हणजे ४८ लाखांचं कर्ज. उरलेले १२ ‘होतील’. कुठून, ते विचारायचं नसतं. ७ टक्के स्टॅम्प ड्यूटीचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार बँक हिशोबात धरत नाही. दादाही धरत नाहीत. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता बसतो ४१ हजार ६०० च्या पुढे. भाडं येणार फार तर २५ हजार.

“मग वरचे साडेसोळा?” मी विचारलं.

“त्याला गुंतवणूक म्हणतात,” दादा म्हणाले.

अडचण एवढीच, की दादांचा पगार बघून बँक निम्म्या वाटेतच थांबते. म्हणून त्यांना माणसं लागतात. परवाच्या साखरपुड्यात पेढा तोंडात असतानाच त्यांनी होणाऱ्या जावयाला कोपऱ्यात घेतलं. “इन हँड किती? सध्या काही हप्ते चालू?” पोराला वाटलं, मुलीकडची चौकशी अजून संपलेली नाही. त्याने निमूटपणे सगळं सांगितलं, अगदी बाइकच्या कर्जासकट. बाइकचं कर्ज ऐकताच दादांचा त्याच्यातला रस संपला.

दादांच्या शबनममध्ये कायम एक पारदर्शक फोल्डर असतो. त्यात फॉर्म १६, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि जामीनदाराचा कोरा फॉर्म. सही जिथे करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या. “सही फक्त नावापुरती हो. हप्ते मीच भरणार.”

हे त्यांनी काकांना सांगितलं, तिथे फसले. काकांची उभी हयात पतसंस्थेच्या वसुलीत गेलेली. “नावापुरती?” काका बशीत चहा ओतत म्हणाले. “१८७२ चा करार कायदा, कलम १२८. कर्जदार जेवढा बांधील तेवढाच जामीनदार. तू हप्ता चुकवलास की माझाही सिबिल गेला. वसुलीला आम्ही आधी जामीनदाराकडेच जायचो. तो बिचारा घरी सापडायचा.”

“काका, तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता,” म्हणत दादांनी फुलीवर बोट ठेवलं. बोट उचलताच काकांनी तिथे बशी ठेवली.

मग भागीदारीचं खूळ निघालं. तीन मित्र, एक फ्लॅट. बँकेत पहिलाच प्रश्न : तुमचं नातं काय? नवरा-बायको, आईबाप-मुलं असली तर बँक एकत्र कर्ज द्यायला राजी असते. शाळेतला एक बाक तिला सहसा पुरत नाही. दादांनी तोड काढली, कर्ज एकाच्या नावावर आणि दस्त तिघांच्या. साहेब म्हणाले, जो मालक तो कर्जदारही हवा. पण भागीदारी मोडली ती यावर नाही. बॅचलर ठेवायचे की फॅमिली, यावरून वाद पेटला आणि अस्तित्वात नसलेल्या फ्लॅटपायी तिघांचं बोलणं बंद झालं.

अखेर दादांना नवा शोध लागला : घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत. “६० हजार वाचले!” ते घरभर सांगत सुटले. वहिनी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी वह्या तपासता तपासता ऐकलं आणि शनिवारी बँकेत एकट्याच जाऊन आल्या. वाकड नाही, टू बीएचके नाही. वारज्यात वन बीएचके, तोही राहायला. कर्ज त्यांच्या पगारावर बसलं. बँकेला फक्त एक जामीनदार हवा होता.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनींनी दादांपुढे फॉर्म ठेवला. फुल्या त्यांनीही मारून आणल्या होत्या, लाल पेनाने.

“सही फक्त नावापुरती हो,” वहिनी म्हणाल्या.

दादांनी चष्मा चढवला, पहिलं पान वाचलं, उलटून मागचं बारीक अक्षरांतलंही वाचलं. मग फॉर्म नीट घडी घालून खिशात ठेवला.

“उद्या जरा काकांना दाखवून येतो.”